उपरण्याखालचा सौदा

माझा भाऊ विरुपाक्ष बंगालात कॉलेजात जाऊन चीन देशाची भाषा शिकतो, हे आप्पांना कळलं ते आमच्याच ओट्यावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो येरमाळ्याला आला होता आणि सकाळी फरशीवर ओल्या कुंचल्यानं चिनी अक्षरं काढत बसला होता. शाई महाग, म्हणून पाणी. आप्पा बघत उभे राहिले. पुढचं अक्षर निघेपर्यंत मागचं वाळून जायचं.

"हे शिकतूस?"

"व्हय. त्यांची भाषा, त्यांच्या चालीरीती, समदंच."

"लिहितूस अन् वाळून जातंय. असलं शिक्षण काय कामाचं?"

आप्पा म्हणजे आमचे वडील, बैलबाजारातले शिवप्पा दलाल. आमच्या घरात कानडी, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू. निजामाच्या राज्यात उर्दू आली की कचेरीत खुर्ची मिळते, म्हणून त्यांनी विरुपाक्षाला शिकवलं. खुर्ची राहिली बाजूला आणि पोरगं चीनला निघालं. त्यांनी तिथंच निकाल दिला. शिक्षण बास झालं, आता बाजारात माझ्या शेजारी बसायचं.

विरुपाक्ष दुपारी जेवला नाही. मला त्याची कीव आली आणि रागही आला. पदवीला दोनच वर्षं उरलेली, आणि हा शहाणा कोपऱ्यात रुसून बसलेला.

"रुसून आप्पांकडनं कधी काय मिळालंय का?" मी म्हटलं. "बाजारात बसवत्यात न्हवं? मग त्यांच्यासंगं बाजारच कर."

मग आम्ही दोघांनी जे ठरवलं ते ठरवताना मला इतकं हसू फुटत होतं की आव्वानं, आमच्या आईनं, मला चुलीपुढून उठवलं.

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. मोजायचं काय ते उघड सांगायचं आणि मग उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. पटलं की "झाला" म्हणून उपरणं झटकायचं, आणि त्यानंतर माघार नाही. माघार घेणाऱ्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही. आप्पांनी तर जन्मात कधी झालेला सौदा मोडला नव्हता.

संध्याकाळी आप्पांचा दोस्त हरिबा रोजच्यासारखा पान खायला आला. त्याच्या खोंडाचा सौदा आप्पांनी नुकताच करून दिला होता. विरुपाक्ष अगदी सहज म्हणाला, "आप्पा, चीनमधी बी जनावराचा भाव बोटांवरच करत्यात. आमचे एक गुरुजी तिकडचेच हायत, त्यांनी दाखवलं. उपरणं न्हाय, लांब बाहीत हात घालत्यात."

आप्पांचं पान चघळायचं थांबलं. "आपल्यासारखीच बोटं?"

"पाचापतोर आपल्यासारखीच. सहापासनं निराळी."

"सहा कसा धरत्यात?"

"दाखवतो की. पर आधी ल्हान आकड्यांचा एक सौदा करू, म्हंजी हात बसंल."

मी तयारच होते. आप्पांच्या खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं.

"माल काय?" आप्पांनी सवयीनं विचारलं.

"माझी बंगालातली वर्षं."

आप्पा हसले. "बोल."

विरुपाक्षानं चार बोटं धरली, असं त्यानं मला मागाहून सांगितलं. तेव्हा मला दिसला तो फक्त आप्पांचा चेहरा, आणि तो बापाचा राहिला नव्हता, दलालाचा झाला होता. डोळे अर्धे मिटलेले, मान नाही म्हणत हलणारी. उपरणं इकडून तिकडं सरकत होतं. विरुपाक्षानं असा काही सुस्कारा सोडला की जणू घरातलं जनावरच विकायला काढलंय. आप्पांना चेव आला. त्यांनी शेवटची बोटं घट्ट दाबली, "झाला" म्हणाले आणि उपरणं झटकलं.

मग त्यांच्या लक्षात आलं.

आप्पांनी विरुपाक्षाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्यो खेळ हुता," आप्पा म्हणाले.

हरिबानं पिंक टाकली. "उपरण्याखाली खेळ? मंग शिवप्पा, माझ्या खोंडाचा सौदा बी खेळच म्हणायचा का?"

आप्पांनी मान फिरवली. हरिबानं विचारलं, "कितीला झाला?"

आकडा दोघांच्या बोटांना तेवढा माहीत. आप्पांनी एक म्हटलं असतं तर विरुपाक्षाची काय बिशाद होती त्यांना खोटं पाडायची. त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. मला त्यांची दया आली, खरंच आली.

"दोन," आप्पा म्हणाले. "दोन वर्षं. झाला तर झाला."

विरुपाक्ष पाया पडायला वाकला. आप्पांनी त्याला मध्येच धरलं. "खरं सांग. किती पायजे हुती?"

"दोनच."

"मंग चार कशाला मागितलीस?"

"पयला आकडा खरा सांगायचा नसतो, आप्पा."

"ह्ये त्या चिनी गुरुजीनं शिकवलं?"

"न्हाय. तुम्ही."

हरिबाला हसता हसता ठसका लागला. आप्पा हसले नाहीत. पण त्यांनी उपरणं उचललं, आपल्या हातानं भावाच्या मनगटावर नीट पसरलं आणि त्याखाली हात घातला.

"सहा दाखव आता," ते म्हणाले. "माल मातूर कुठला न्हाय बरं का."