नावामागची काळी सावली

शहाडच्या लग्नाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर नवरा-नवरी नव्हते, तेजोनाथ महाराज होते. मागे भिंतभर पडदा, आणि पडद्यावर ‘गणूशेठ_किंग’ हे नाव सोन्यासारखं झळाळत होतं. नावाभोवती पिवळं वलय, तेही लुकलुकणारं. लोकांनी हात जोडले. एका आजोबांनी तर पडद्यालाच ओवाळलं. पडदा पेटता पेटता वाचला.

“हे वलय मी देत नाही,” महाराज माईकवर म्हणाले. “मी फक्त सर्व्हर! नाव वेबसाइटवर टाका, त्याची कंपनं उमटतात. शुद्ध नाव सोनेरी. बाधित नावामागे काळी सावली. आपलं नेटवर्क ब्रह्मांडाचं, रेंज कधी जात नाही!”

एवढं बोलले आणि माईक बंद पडला. ब्रह्मांडाची रेंज शाबूत होती, माईकचा सेल संपला होता.

पुढच्या रांगेत आवडाबाई बसलेली, गणूशेठची बायको. तिची सून दर्शना घरी, ओली बाळंतीण. आवडाबाईने वेबसाइटवर सुनेचं नाव टाकलं, तर काळी सावली आली. महाराजांनी हुकूम सोडला: सव्वा महिना आईची सावली बाळावर पडता कामा नये. झालं! बाळ सासूच्या खोलीत, बाटलीवर. वरचं दूध पचत नव्हतं, पोर ओकत होती, वाळत होती. आणि बाहेरून कडी घातलेल्या दुसऱ्या खोलीत दर्शना दुधाने भिजलेली साडी घेऊन रडत बसायची. कोणाची हिंमत झाली नाही कडी काढायची. दोन मजली बंगला, दारात गाडी, आणि दूधपित्या पोरीला दूध नाही!

दर्शनाची बहीण कृतिका खोपटच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. ती आज आवडाबाईच्या शेजारीच बसली होती.

“मावशी, बाळ ओकतंय. आईजवळ द्या तिला.”

“तू गप बस गो. माज्या डोल्यांनी बगलंय. दर्शनाच्या नावामागं काली सावली कशी थरथरत व्हती!”

“तुमचं नाव टाकलंत कधी?”

“मी कशाला टाकू? मना काय बाधा हाय?”

कृतिका उठली आणि थेट स्टेजवर गेली. “महाराज, आमच्या घरातली नावं बघायचीत.”

“फोनवर बघा ताई, खासगीत,” सेवेकरी म्हणाला.

“फोन फुटलाय. लॅपटॉप आणलाय.” तिने पडद्याची वायर सेवेकऱ्याच्या मशीनमधून काढून आपल्या लॅपटॉपला लावलीसुद्धा. महाराज हसले. नवीन गिऱ्हाईक!

“मावशी, नातीचं नाव टाकू?”

“टाक की! सोन्यासारखा येल.”

पडद्यावर ‘चिऊ’ उमटलं. मागे काळी सावली, थरथरणारी.

“बालाचं?” आवडाबाईचा आवाज चिरकला. “तिना काय केलंय?”

“आईची छाया उतरली!” महाराज गरजले.

“बरं.” कृतिकाने ‘तेजोनाथ_महाराज’ टाइप केलं. काळी सावली, थरथरणारी.

“भक्तांची पापं मी अंगावर घेतो!”

‘हॉलचा_पंखा.’ तीच सावली, तीच थरथर.

“पंख्याने कोणाची घेतली, महाराज?”

“धूळ बसलीय त्याच्यावर!” मागून कोणीतरी ओरडलं आणि हॉलभर हशा फुटला.

तेवढ्यात गणूशेठ उठला. “माजं पन पयलं कालंच आलतं. लाजंनं बोललो नाय.”

“आमचंही,” एक आवाज आला. मग दुसरा. मग अख्खी रांग. प्रत्येकाला वाटत होतं, काळं फक्त आपल्याच घरात. म्हणून सगळे गुपचूप येऊन, पैसे भरून महाराजांकडून नावाची शुद्धी करून गेले होते.

कृतिकाने वेबसाइटचा कोड पडद्यावर उघडला. “ही ओळ बघा. टेक्स्ट शॅडो, म्हणजे अक्षराची सावली. पुढे रंग, काळा. नवीन नाव कोणाचंही असो, काळंच येणार. तुम्ही शुद्धीची पावती फाडली की सेवेकरी इथे टिक मारतो, रंग सोनेरी. थरथर म्हणजे खालच्या दोन ओळी. माझ्या आठवीच्या मुली असल्या अक्षरांत वाढदिवसाची कार्डं करतात.”

तिने पुन्हा महाराजांचं नाव टाकलं आणि काळ्याच्या जागी गुलाबी लिहिलं. महाराज गुलाबी झाले. मग पोपटी.

“सिस्टीमशी खेळू नका, शॉक लागेल!”

“फक्त माझ्या स्क्रीनवर बदलतंय, महाराज. कोणाचं नशीब बदलत नाही. तुमच्या सोनेरी रंगानेही बदललं नाही.”

हे ऐकायला आवडाबाई थांबलीच नव्हती. चप्पल विसरून ती रिक्षात बसली होती. घरी जाऊन तिने चिऊला उचललं, दर्शनाच्या दाराची कडी काढली आणि पोर तिच्या मांडीवर दिली.

“घे गो. माजी अक्कल गेलती.”

दर्शनाने सासूकडे पाठ केली आणि पोरीला पदराखाली घेतलं. चिऊ एवढी भुकेली होती, की श्वास घ्यायलाही थांबेना. आवडाबाई दारातच उभी राहिली. आत ये, असं तिला कोणी म्हटलं नाही.

बाबा उद्या दुसरा रंग आणेल, दुसरं यंत्र आणेल. तुमच्या घरातल्या माणसाला त्याने बाधित ठरवलं, तर त्याच यंत्रात बाबाचं स्वतःचं नाव घाला, पंख्याचं घाला, काय येतं ते सगळ्यांसमोर बघा. आणि बघून होईपर्यंत बाळ आईजवळच राहू द्या.