फक्त चेहऱ्यापुरती

"या कॉलरनं गळा चिरणार माझा," सायलस पुटपुटला. "मढ्याला घालतात तसली कडक केलीय."

"इस्त्री माझी आहे," मी म्हणाले. "बायकोवर खेकसू नकोस."

त्याची बायको डॉर्कस चित्रप्रदर्शनाच्या गर्दीतून पुढे सरकत होती. ती नि मी लंडनच्या बॅटरसी भागात एकाच धुलाईघरात राबतो. तिची लेक हेस्टरही तिथंच होती, एका चित्रकाराच्या नजरेस पडेपर्यंत.

"चेहऱ्यासाठी हवीय," डॉर्कसनं गल्लीभर मिरवलं होतं. "फक्त चेहऱ्यासाठी हं! रूपच तसं आहे पोरीचं."

नुसत्या चेहऱ्याला अख्खा हिवाळा कशाला लागतो, हे आम्ही कुणी विचारलं नाही. जानेवारीत हेस्टरच्या छातीत कफ भरला, ईस्टरच्या आत ती गेली. घरात तिचा एक फोटो नव्हता. मे महिन्यात चित्रांचं प्रदर्शन उघडलं, तेव्हा डॉर्कसनं हट्ट धरला, एकदा तिचं तोंड बघू द्या.

चित्र भिंतभर होतं. खवळलेला समुद्र नि खडकाला साखळ्यांनी बांधलेली अँड्रोमेडा. अंगावर चिंधी नाही. शेजारी एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "ग्रीक पुराणातली गोष्ट. आईनं लेकीच्या रूपाची बढाई मारली. समुद्रदेव कोपला, मग लेकीलाच राक्षसापुढं बांधली."

"आईच्या तोंडाला कुलूप हवं होतं," बायको म्हणाली.

डॉर्कसनं वर पाहिलं. गुबगुबीत, सोनेरी केसांचा, भलत्याच कुणाचा चेहरा. चित्रकारानं मागाहून दुसरीचं डोकं बसवलं होतं. करतात तसं.

सायलसचा श्वास मोकळा झाला. "आपली नव्हेच ही! चल घरी. विचारलं कुणी तर सांगू, चित्र लागलंच नाही."

"चल गं," मीही म्हणाले.

डॉर्कस हलली नाही. ती आता खाली बघत होती. अँड्रोमेडाचं डावं पाऊल उजव्यावर चढलेलं, बोटं आखडलेली.

"भीती काय दाखवलीय बघ!" गृहस्थ म्हणाले.

धुलाईघराच्या ओल्या फरशीवर हेस्टर लहानपणापासून अशीच उभी राहायची. मी ओळखलं. सायलसनंही ओळखलं असावं. कॉलरीत बोट घालून तो दाराकडे बघू लागला.

"भीती नाही ती, साहेब," डॉर्कस मोठ्यानं म्हणाली. माणसं वळली. सायलसनं तिचा दंड धरला, तो तिनं सोडवून घेतला.

"गारठलीय ती. डोकं दुसरीचं आहे, बाकी सगळी माझी हेस्टर. भर थंडीत अशीच उघडी उभी राहायची. मला ठाऊक होतं."