न मोजलेली मेंढरं

मेंढरं मोजायची नाहीत, हा कन्हेरीच्या म्हस्कूच्या घरचा नियम. मोजली की कमी होतात, असं त्याचं म्हणणं, आणि म्हस्कूचं म्हणणं खोडायचं तर आधी त्याच्याएवढी पायपीट केलेली असावी लागते. तेव्हा मेंढरं किती, हे इथंही सांगायचं नाही.

न मोजताही त्याचं एक मेंढरू कधी हरवलं नाही. संध्याकाळी कोंडताना तो नुसती नजर फिरवी. "काळतोंडी एकटी हुबी हाय. म्हंजी बांडी मागं ऱ्हायली," म्हणे आणि आल्या वाटेनं परत जाई. प्रत्येक मेंढराची एक ठरलेली सोबतीण असते, एवढंच त्यातलं गुपित.

त्याची मुलगी वैष्णवी बारामतीत कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. बापाची ही नजर तिनं प्रोग्रामात बसवली. प्रत्येक मेंढराच्या नोंदीत त्याच्या सोबतिणीचं नाव. हजर असलेल्यांची नावं टाकली की प्रोग्राम साखळी धरून पुढं जाई आणि कुठली कडी तुटली ते सांगे. त्याला एकूण आकडा लागतच नव्हता. म्हस्कूनं नावं दिली ती एका अटीवर: "घाल मशिनीत. पर आकडा काढायचा न्हाय."

अठ्ठ्याण्णव साली इंदापूरला संगणकशास्त्रातल्या मुलींची परिषद भरली. जिचा पहिला नंबर येईल तिला पुण्याच्या प्रयोगशाळेत सहा महिने काम मिळणार होतं. वैष्णवीला ते हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. म्हस्कू मुंडासं बांधून शेवटच्या रांगेत येऊन बसला.

ती बोलली छान. मग पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "एकूण नोंदी किती?"

"मोजल्या नाहीत."

"मग मोजा. एका ओळीचं काम आहे."

खरंच एका ओळीचं होतं. वैष्णवीची बोटं कीबोर्डावर गेली आणि तिथंच थांबली. "नाही बाई. वडिलांना शब्द दिलाय."

सभागृहात खसखस पिकली. "शब्दावर संशोधन चालत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पुणं आता गेलं, हे वैष्णवीला कळून चुकलं.

शेवटच्या रांगेत म्हस्कू उठला. "बाई, आमी मोजत न्हाय. पर नावं घेतो. मोजायचं तुमचं तुमी बघा."

बाई हसल्या, पण हो म्हणाल्या. म्हस्कूनं डोळे मिटले आणि एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. वैष्णवी टाइप करत गेली, बाई कागदावर रेघा मारत गेल्या. बाईंच्या पुढ्यातला चहा निवून गेला.

"झाली," म्हस्कू म्हणाला.

"आता चालवा प्रोग्राम," बाई म्हणाल्या. "सगळी हजर आहेत, म्हणजे त्यानं काहीच दाखवता कामा नये."

पडद्यावर एकच नाव उमटलं. भुरी.

बाईंच्या भुवया वर गेल्या. प्रोग्राम चुकला, की आपण टाइप करताना नाव गाळलं? वैष्णवीनं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. भुरी नव्हती. "आबा, भुरीचं नाव राहिलं का?"

म्हस्कू मुंडाशाचं टोक चाचपत राहिला. "ऱ्हायलं न्हाय, पोरी. काल सोलापूरच्या रस्त्याला ट्रकखाली गावली. आज तुझं भाषाण हुतं, म्हून बोल्लो न्हाय."

"म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे!" बाई खुर्चीतून उठल्याच. "अगदी बरोबर!" सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं.

आई मेलेल्या भुरीला वैष्णवीनं दहावीच्या वर्षी बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. पुस्तक एका मांडीवर, भुरी दुसऱ्या.

पहिला नंबर तिचाच आला. व्यासपीठावर तिला रडू आवरेना, तेव्हा बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पहिल्या यशाला येतंच गं रडू," त्या म्हणाल्या. वैष्णवीनं मान डोलावली आणि प्रमाणपत्र घेतलं.