नव्या बोर्डावरचे दादा

थोरल्या भावाच्या निधनानंतरही त्याचा जुना संगणक त्याच खोलीत, त्याच खिडकीपाशी, पूर्ववत चालू राहिला. दादांनी स्वहस्ते लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम त्यात होता, आणि वहिनी रोज दुपारी कामधाम आटोपून त्याच्याशी एक डाव मांडीत. शेजारीपाजारी यास वेड म्हणत. धाकट्या भावाने मात्र त्याविषयी कधी ब्र काढला नाही. जुने संगणक दुरुस्त करणे हाच त्याचा धंदा होता. टाकून दिलेल्या यंत्रांत जीव ओतण्यात त्याचे निम्मे आयुष्य सरले होते.

एके दिवशी यंत्रातून जळका वास आला आणि पडदा काळा पडला. मदरबोर्ड कामातून गेला होता. सारा बाजार पालथा घालूनही तसा दुसरा मिळेना, तेव्हा धाकट्याने त्याच कुळातला, परंतु पुढल्या पिढीचा प्रोसेसर असलेला बोर्ड बसविला. या कुळात नातवालाही आजोबांची भाषा येते. नवा प्रोसेसर कितीही चलाख असो, जुन्यासाठी लिहिलेल्या आज्ञा तो मुकाट्याने पाळतो. जुनी डिस्क जोडताच पट पडद्यावर उमटला आणि वहिनींनी डोळे टिपले.

आठवडा उलटतो न उलटतो तोच वहिनींचे बोलावणे आले. धाकटा गेला, तो त्या खोलीला बाहेरून कडी घातलेली.

"भावजी, आत कुणी दुसरंच बसलंय," वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या.

"दुसरं कोण बसणार, वहिनी? प्रोग्रॅम तोच आहे. मी त्यातलं एक अक्षर हलवलेलं नाही."

"मग प्यादं का घेत नाहीत?"

धाकटा काय ते उमजला. दादांचा तो जन्माचा दोष होता. वहिनी कोपऱ्यात एक प्यादे मुद्दाम उघडे ठेवीत. दादा त्यावर झडप घालीत आणि पुढे वजीर गमावून बसत. त्यांचा प्रोग्रॅमही हुबेहूब तसाच फसत असे.

"अहो, संसारभर समोर आलेलं प्यादं कधी सोडलं नाही त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "आताही विचार करतात अगदी पूर्वीइतकाच वेळ. मला वाटतं, आता घेतील. आणि प्यादं तसंच ठेवून भलतीकडूनच उंट काढतात! काल माझा राजा कोंडला. अंगावर काटा आला माझ्या."

"नवं यंत्र जरा हुशार आहे, म्हणून—"

"हुशारी कुणी मागितली होती तुमच्याकडे? एकदा गेले ते गेले, पुन्हा कशाला घालवलंत? आणता येत असतील तर परत आणा, नाहीतर हा डबा उचला. परक्या माणसाबरोबर मी या घरात राहायची नाही."

धाकट्याने कडी काढली आणि एकटाच यंत्रापुढे बसला. वहिनींच्या रीतीने त्याने प्यादे उघडे ठेवले. पंखा घुरघुरत राहिला. दादा घेत तेवढाच अवधी गेला, आणि उंट निमूटपणे सरकला. पलीकडे जाऊन दादा शहाणे झाले असावेत आणि घरच्यांना ओळखेनासे झाले असावेत, असा काही विचार त्याच्या मनाला चाटून गेला. त्याने घाईघाईने डाव मोडून प्रोग्रॅमचा मजकूर उघडला.

कारण सापडले. किती चाली पुढचे पाहावे, हे दादांनी ठरवून दिलेले नव्हते. किती वेळ पाहावे, एवढेच यंत्रातल्या घड्याळावर नेमून दिले होते. घड्याळ दोन्ही बोर्डांवर एकाच गतीने चाले, प्रोसेसरांची गती मात्र एक नव्हती. जुना तेवढ्या अवधीत दोन-तीन चालींपुढे जाऊन थके. नवा त्याच अवधीत फार दूरवर जाऊन येई, आणि तिथे त्याला आपला वजीर मेलेला दिसे.

उपाय सोपा होता. एकेक चाल तपासून झाली की काही काळ निरर्थक आकडे मोजीत बसावे, अशी आज्ञा मध्ये घालायची. परंतु आकडे किती? ताडून पाहण्यास जुना बोर्ड उरला नव्हता. दादांना किती अक्कल ठेवायची, हे आता त्याच्या हाती आले होते, आणि सख्ख्या भावाला मंद करताना त्याची बोटे अडखळली. अखेरीस त्याने वहिनींनाच हाक मारली.

"अजून शहाणेच आहेत," पहिला डाव पाहून वहिनी दारातूनच म्हणाल्या.

त्याने आकडे वाढविले.

"आता तर पार ठोंब्या केलात! एवढेही काही ते हे नव्हते हो."

त्याने थोडे कमी केले. प्यादे पुन्हा उघडे पडले, आणि काही क्षणांनी ते घेतले गेले.

"आलात ना वळणावर!" वहिनींनी टाळी वाजविली. "सुटलं लगेच तोंडाला पाणी!" त्यांनी धाकट्याला खुर्चीवरून उठविले, स्वतः बसल्या, आणि चार चालींत वजीर टिपून कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसल्या.

धाकट्याला हायसे वाटायला हवे होते. तथापि चालीआधीच्या त्या थांबण्यात आता चार आणे विचार आणि बारा आणे पोकळ मोजणी होती, हे तो जाणून होता. वहिनींपासून ते लपवून ठेवणे त्याच्या जिवावर आले.

"वहिनी, एक सांगायचं होतं. हे जे आत्ता थांबलंय ना, त्यात खरं म्हणजे—"

"श्श!" पडद्यावरची नजर न काढता वहिनींनी हात वर केला. "बोलू नका, भावजी. ते विचार करतायत."

 आत यंत्र आकडे मोजीत होते, धाकट्याने स्वतःच नेमून दिलेले, कशाचेच नसलेले आकडे. त्याला ते पुरते ठाऊक होते. तरीही तो श्वास रोखून उभा राहिला, आणि नकळत त्याच्या तोंडून हलकेच निघून गेले, "सावकाश, दादा."