तिसऱ्या तारेचा चमत्कार

जयराम निकाळेच्या पुढच्या खोलीत त्या रविवारी बत्तीस माणसं कोंबली होती, खिडकीत आणखी सात डोकी. साल पंच्याऐंशी. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत पहिला व्हीसीआर आला होता आणि त्याच्या जोडीला कपाटाएवढे दोन स्पीकर. पण गर्दी सिनेमासाठी नव्हती. लोक एका तारेच्या दर्शनाला आले होते.

तार आणली होती गोटीरामशेठनं. अंगात सफारी, हातात ब्रीफकेस. जांभळ्या मखमलीतून त्यानं ती अशी काढली, की पुढच्या बायकांनी नकळत पदर सावरले.

"साध्या वायरीत आवाज लंगडत येतो, भाऊ! ही तीन तारांची, बॅलन्स्ड! तिसरी तार आवाजाला तोलून धरते. फ्रीक्वेन्सी सांडत नाही. फॉरेनमध्ये हिच्याशिवाय कोणी बटणाला हात लावत नाही!"

आधी त्यानं ब्रीफकेसमधली साधी वायर व्हीसीआर आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये जोडली. गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाजलं. मग मखमलीतली जोडली. गाणं खोलीभर उसळलं.

"काय फरक आहे!" सगळे ओरडले.

आमची कॉलनी बौद्धांची. अंगारे, गंडे, अंगात येणं आमच्या वडिलांच्या पिढीनंच सोडलं होतं. भगत आला असता तर आम्ही त्याला कोपऱ्यावरूनच परत पाठवला असता. पण याच्या तोंडी मंत्र नव्हता, फ्रीक्वेन्सी होती. आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली.

एकट्या सगुणामावशी म्हणाल्या, "आवाज मोठा झालाय. स्वच्छ नाही झाला."

सगुणाबाई गांगुर्डे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. सत्तावीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी ट्रंक कॉल जोडले होते.

गोटीरामशेठ गोड हसला. "आजी, वयाबरोबर कान जायचेच. मनाला लावून घेऊ नका."

खोली हसली.

जयरामनं तार घेतली. येईल त्याला तो आपली जुनी वायर आणि नवी तार आलटूनपालटून ऐकवू लागला. येईल त्याला फरक कळू लागला. मावशींनाही बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "मला दोन्ही सारखंच."

झालं. मावशी बहिऱ्या झाल्या, असं कॉलनीत ठरलं. सून त्यांच्याशी ओरडून बोलू लागली. मुलगा कानाच्या मशीनची चौकशी करून आला. एका सकाळी मी गेलो, तर मावशी मनगटी घड्याळ कानाशी धरून बसलेल्या.

"सहादू, टिकटिक येते रे मला. मग यांना असं काय ऐकू येतं, जे मला येत नाही?"

मी ड्यूटीला उशीर होतोय असं सांगून उठलो.

तोवर अकरा घरांनी तारेसाठी नावं दिली होती. तार जोडायला टेप आणि स्पीकर त्यांतल्या आठच घरांत होते.

पुढच्या रविवारी गोटीरामशेठ ऑर्डर घ्यायला आला. मावशी उभ्या राहिल्या. "एक विनंती आहे. सहादू चादरीमागे बसून जयरामची जुनी वायर आणि ही नवी तार बदलेल. कधी बदलेल, कधी नुसतं बदलल्यासारखं करेल. कुठली वाजतेय ते ज्यानं त्यानं कागदावर लिहायचं. दहा वेळा. शेठ, तुम्हीपण."

"मशिनीला नजर लागेल असं नका करू," शेठ म्हणाला आणि स्वतःच चपापला.

जयरामच्या बायकोनं चादर बांधली. मी दहा वेळा खुडबुड केली. कागद गोळा झाले. सातव्या खेपेला बहुतेकांनी 'नवी तार, एकदम झकास' लिहिलं होतं. सातव्या खेपेला जुनीच वायर होती. शेठची दहापैकी चार उत्तरं बरोबर आली. मावशींनी कागदावर एकच ओळ लिहिली होती: 'फरक नाही.'

"मग त्या दिवशी गाणं उसळलं कसं?" जयराम रडवेला झाला.

"ती जादू शेठच्या ब्रीफकेसमधल्या साध्या वायरीत आहे. द्या हो ती इकडे."

शेठ ब्रीफकेस सोडेना. जयरामनं ती काढून घेतली. मावशींनी स्क्रूड्रायव्हरनं प्लग उघडला. आत रंगीत पट्ट्यांचा, तांदळापेक्षा थोडा मोठा रेझिस्टन्स सोल्डर करून बसवलेला होता.

"हा आवाज अडवतो. वायर मुद्दाम आजारी करून आणलीय, म्हणून दुसरी धडधाकट वाटली." मग त्यांनी मखमलीतल्या तारेचा प्लग उघडला. तिसरी तार दुसरीलाच पिळून जोडलेली. "आणि ही तिसरी तार इथं नुसती बसून आहे."

"म्हणजे बॅलन्स्ड असं काही नसतंच?" मी विचारलं.

"असतं की! आमची मनमाडची ट्रंक कॉलची लाइन त्यावरच चालायची. दोन तारांतून एकच आवाज उलटसुलट जातो. वाटेतली गुणगुण दोन्हींवर सारखी पडते आणि पलीकडचं यंत्र ती वजा करतं. पण त्याला दोन्ही टोकांना तशी यंत्रं लागतात आणि मधे लांबच लांब वाट. इथं मधे आहे हातभर अंतर."

गोटीरामशेठ चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरला. मखमल मागेच राहिली.

त्या दिवसापासून आमच्याकडे कोणी काही दाखवायला आला, की आधी चादर बांधतात. तुम्हीही बांधा. शास्त्राचे शब्द वापरले म्हणून सांगणारा शास्त्रज्ञ होत नाही. तपासू देतो का, एवढं बघा.

त्या रविवारी सगळे पांगल्यावर मी मावशींना हळूच म्हणालो, "खरं सांगू? जुन्या-नव्या तारेतला फरक मलाही कधीच ऐकू आला नव्हता."

मावशींनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मग मी घड्याळ कानाला लावून बसले होते, तेव्हा का नाही बोललास?"