उशीवरून दिसणारा पडदा

सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा दिवसभर घरी थांबू शकेल असं माणूस एकच होतं, ते म्हणजे सून. नवरा कारखान्यात जायचा, नणंद दुसऱ्या गावी असायची. सुनेचं काम मात्र एक टेबल, एक दिवा आणि रंग एवढ्यावर चालायचं. ती चित्रकार होती. सुरुवातीला मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, मग कापडावरच्या नक्षीकडे वळली आणि तिथेच रमली. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे. सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून बोलण्यात गेलेली, त्यामुळे जीभ तयार होती. शेजारणींना सांगायच्या, "माझी सून लोकांच्या पलंगांवर फुलं पेरते. पाणी घालावं लागत नाही, तेवढं बरं."

सुनेने टेबल सासूबाईंच्या खोलीत आणलं. त्याच सुमारास ती ज्या कापड कंपनीसाठी नक्षी काढायची तिथल्या सरांनी तिला मोठं काम दिलं. एका इस्पितळात महिनोन्‌महिने पडून असणाऱ्या रुग्णांचा वॉर्ड होता. तिथे दोन खाटांच्या मधे लावायचे पडदे हवे होते. तिने हिरवी पानं आणि बारीक फळं यांची नक्षी केली. नक्षीचा एक तुकडा जिथे संपतो तिथूनच तो पुन्हा सुरू होतो, त्याला या धंद्यात रिपीट म्हणतात. तिच्या रिपीटचा सांधा कधी कोणाला सापडायचा नाही, याचा तिला थोडा अभिमानही होता. सरांना नक्षी आवडली, इस्पितळाच्या समितीने मंजूर केली. नमुन्याचं कापड छापून आलं, तेव्हा घड्या कशा पडतात ते बघायला तिने ते सासूबाईंच्या पायाकडच्या खिडकीला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडू लागल्या. जेवण अर्धं टाकायच्या. शेवटी म्हणाल्या, "तो पडदा काढ."

"का हो आई? रंग नाही आवडला?"

"रंगाचं काही नाही. तो बघत बसतो."

"कोण?"

"मला काय माहीत कोण. एक नाही, पुष्कळ आहेत."

सुनेने नवऱ्याला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, या वयात सतत पडून राहिलं की असे भास होतात, आणि एक गोळी लिहून दिली. नवरा म्हणाला, "आज पडदा काढला तर उद्या भिंत काढ म्हणेल." पडदा तसाच राहिला. नणंद आली. स्वयंपाकघरात तिघं हळू आवाजात बोलत होती. "आईचं डोकं आता…" नणंद म्हणाली आणि पुढचं बोललीच नाही. पण मधलं दार उघडं होतं, आणि खोलीत पडलेल्या बाईचा जन्म तारांवरचे बारीक आवाज ऐकण्यात गेला होता.

त्या दिवसापासून सासूबाईंनी बोलणं टाकलं. काही विचारलं तर "हो" किंवा "नको". पडद्याचं नावही काढेनात. नणंद डोळे पुसत परत गेली.

अंग पुसायला रोज एक मावशी यायच्या. एका सकाळी मावशींनी आणि सुनेने मिळून सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं. गादीत कुठेतरी गोळा झालाय, पाठीला टोचतो, एवढी एक तक्रार सासूबाईंनी केली होती. कुठे टोचतं ते कळावं म्हणून सून स्वतः गादीवर आडवी झाली, डोकं उशीवर टेकवलं आणि सहज समोर बघितलं.

पडद्यातून एक चेहरा तिच्याकडे बघत होता. दोन फळं, ते डोळे. त्यांच्याखाली वाकलेलं पान, ते तोंड. दोन बाजूंना आणखी दोन पानं होती; टेबलावर कापड सपाट असताना ती एकमेकांपासून लांब असायची. घडीमुळे ती जवळ आली होती आणि त्यांची खोल गेलेली गालफडं झाली होती. घडीमागून घडी, चेहऱ्यामागून चेहरा. ती उठून बसली तर नुसती पानं दिसली. पुन्हा आडवी झाली, तो तिथेच होता.

"आई," ती पडल्यापडल्याच म्हणाली, "दिसला."

सासूबाईंनी खुर्चीतून मान वळवली.

"फळांचे डोळे आहेत. वाकलेलं पान म्हणजे तोंड."

"माझ्या समाधानासाठी म्हणू नकोस."

"नाही आई. उजवीकडच्या घडीत त्याची हनुवटी कापली गेलीय."

मावशी ओलं फडकं हातात धरून उभ्या होत्या.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "तो हनुवटी नसलेला सगळ्यात वाईट." मग त्या सुनेकडे वळल्या. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे."

"तुमचं आहे. माझंच नव्हतं."

तिने स्टुलावर चढून पडदा उतरवला आणि घडी करून खोलीबाहेर नेला. मग नणंदेला फोन लावून सगळं सांगितलं. नणंद म्हणाली, "आईला दे फोन." मायलेकी काय बोलल्या ते सुनेने ऐकलं नाही. ती दार लोटून बाहेर आली होती.

सरांना सांगणं अवघड होतं. ते म्हणाले, "समितीत इतकी माणसं होती. कोणाला काही दिसलं नाही."

"सगळे उभे होते, सर."

"मंजूर झालेलं काम आपणच मागे घ्यायचं? लोक काय म्हणतील?"

तिने वाद घातला नाही. कपाटाच्या मुठीला कापड अडकवलं, घड्या पाडल्या आणि समोरच्या बाकाकडे बोट दाखवलं. सरांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग दार बंद आहे ना ते बघितलं, आणि बाकावर आडवे झाले. थोड्या वेळाने उठून पँट झटकत म्हणाले, "छपाई थांबवायला सांगतो. पण दुसरं काय देणार?"

ते तिलाही माहीत नव्हतं. तिने ढग काढले. सासूबाईंनी उशीवरून बघितलं आणि म्हणाल्या, "कापसाचे बोळे. इस्पितळात कापूस काय कमी असतो?" तिने पक्षी काढले. त्यांच्याकडे सासूबाई जास्त वेळ बघत राहिल्या. "चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "पण सगळे उडून चाललेत. आणि मी?" सुनेने तो कागद उलटा करून ठेवला.

काही सुचेना. ती नुसतीच बसून राहायला लागली. एकदा तिने विचारलं, "आई, तुम्ही दिवसभर बघता तरी काय?"

"सकाळी भिंतीवर ऊन येतं. आधी कपाटापाशी असतं. जेवणाच्या वेळेला घड्याळाखाली येतं. सरकताना दिसत नाही, पण सरकतं." मग म्हणाल्या, "मला काही बघायचं नाहीये गं. काहीतरी होत असलेलं बघायचंय."

सून टेबल सोडून पलंगालगत जमिनीवर बसली. सकाळचं ऊन, भर दुपारचं, कलतं, ढग आल्यावर विझलेलं. भिंतीवर जसं पडेल तसं जलरंगांनी उतरवत राहिली. आकार असे काही नव्हतेच, नुसते उजेडाचे फिकट तुकडे. नव्या नक्षीत ते पडद्याच्या एका कडेला खाली सुरू व्हायचे, हळूहळू वर चढत रंग बदलायचे आणि दुसऱ्या कडेला संध्याकाळ होऊन विरायचे. रिपीट तिने पडद्याच्या अख्ख्या रुंदीएवढा धरला, म्हणजे पडून बघणाऱ्याच्या नजरेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येणार नाही. छपाईवाले कुरकुरले, सरांनी त्यांना पटवलं.

प्रत्येक नमुना खिडकीला लागायचा आणि दोघी शेजारी शेजारी आडव्या होऊन बघायच्या. "जपून, माझ्या हाडावर पडशील," सासूबाई म्हणायच्या आणि स्वतःच उशी सरकवून जागा करून द्यायच्या. शेवटच्या नमुन्याला त्यांनी बोट रोखलं. "इथे दुपार फार लवकर संपते." सुनेने दुपार लांबवली.

पडदे छापून यायच्या आधीच सासूबाईंच्या छातीत कफ झाला. नणंद लगेच आली. आईचा हात हातात घेऊन ती बसून होती आणि दुपारी सासूबाई गेल्या. बरेच दिवस सुनेने ब्रश हातात घेतला नाही. टेबल त्याच खोलीत होतं, पण ती तिकडे फिरकायची नाही.

पडदे लागल्याचा निरोप सरांनीच दिला. ती एकटीच इस्पितळात गेली. वॉर्डातल्या सिस्टर कामात होत्या. तिने भीतभीत विचारलं, "पडद्यांबद्दल कोणी काही बोललं का?"

"पडद्यांबद्दल? नाही हो. जेवणाबद्दल बोलतात, पंख्याबद्दल बोलतात." आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

ती वॉर्डाच्या मधल्या वाटेवर उभी राहिली. उभ्याने पाहिलं तर पडदे अगदी साधे दिसत होते, धुऊन फिके पडल्यासारखे. कोपऱ्यातल्या खाटेवरून एका म्हाताऱ्या बाईंनी मान वळवली.

"कोणाकडे आलीस?"

"कोणाकडे नाही, आजी. सहजच."

"मग बस की जरा. माझ्याकडेही कोणी आलेलं नाही."

तिने खाटेखालचं स्टूल ओढलं आणि पर्स मांडीवर घेऊन बसली.