प्रोसेसरची ट्रायल

सासरेबुवांनी सुनेला बजावून ठेवलं होतं की आपण दुकानात येतोय ते फक्त पिशवी धरायला. सुनेला ते खरं वाटलं नाही, आणि तिला खरं वाटलं नाही हे त्यांनाही कळलं. पण दोघंही समजूतदार, म्हणून तशीच निघाली.

घरात कॉम्प्युटर एकच. दिवसभर सून त्यावर लोकांच्या लग्नाच्या फिल्म जोडायची. संध्याकाळी ती उठली की सासरेबुवा दार लोटून बस चालवायचे. खेळातली बस. खरी बस त्यांनी उभ्या जन्मात कुणाला खरचटू न देता चालवली. मग डोळ्यांपायी लायसन्स गेलं, आणि चालवायला हाच एक रस्ता उरला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बातम्या बघत होतो." बातम्यांत हॉर्न कशाला वाजतो, हे कुणी विचारलं नाही.

आता जुना प्रोसेसर थकला होता. सुनेने फिल्म तयार करायला लावली की मशीन अख्खी संध्याकाळ गिळायचं. तिकडे गिऱ्हाईक फोनवर तापायचं, इकडे सासरेबुवांची बस डेपोतच.

दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. "याच्यात कोअर कमी, म्हणजे आत राबणारे हात कमी, पण चपळ. गेमला एक नंबर. दुसऱ्यात हात दुप्पट. व्हिडिओच्या कामाला तो. गेमला जरासा डावा. भाव सारखाच."

"दुसरा द्या," सून म्हणाली.

"थांब जरा. गाडी घेताना ट्रायल घेतात की नाही?"

"बाबा, आपण प्रोसेसर घेतोय."

"म्हणजे इंजिनच की."

दुकानात दोन्ही प्रोसेसर लावलेली मशिनं होती, आणि पहिल्या, चपळवाल्याच्या टेबलावर चक्क स्टिअरिंग. घरी बिचारे कीबोर्डवर वळणं घेत. "तुझ्यासाठीच बघतो हं," असं म्हणत सासरेबुवा बसले. खुर्ची पुढे घेतली, नसलेला आरसा नीट केला आणि स्वस्थ बसून राहिले.

"निघा ना काका," दुकानदार म्हणाला.

"बेल कुठे झालीय?"

सुनेने टेबलावर दोन टिचक्या मारल्या. बस निघाली, ती पाण्यावरून होडी जावी तशी.

"हाच घे, सूनबाई. तुझ्या फिल्मला हाच बरा."

"माझी फिल्म अजून लावलीय कुठे?" तिने पेनड्राइव्ह खुपसला आणि त्याच मशीनवर फिल्म तयार करायला लावली. "चालवा आता."

पहिल्याच वळणावर चित्र अडकलं. सुटलं तेव्हा बस थांब्याच्या छपराखाली घुसलेली, आणि थांब्यावरची माणसं दिसेनात. सासरेबुवांचा चेहरा उतरला. ते उठले आणि मॉनिटरच्या मागे जाऊन बघून आले.

"काका, खेळ आहे तो. परत सुरू करू?"

"हात लावू नका. पंचनामा होईपर्यंत गाडी हलवायची नाही."

मागे दोन-तीन गिऱ्हाइकं ताटकळली. दुकानदार हात चोळत राहिला. शेवटी सून पुढे झाली. "बाबा, मी पोलीस. झाला पंचनामा. चूक गाडीची."

"गाडीचीच," सासरेबुवा म्हणाले, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

"फिल्म बंद ठेवून खेळलात तर हाच चांगला," दुकानदाराने सुचवलं.

"हिची फिल्म बंद राहायची नाही, माझी बस राहायची नाही. आणि थांब्यावर माणसं असणारच. दुसरा दाखवा."

दुसऱ्यावर, मागे फिल्म चालू असताना, बस वळणावर जराशी जड झाली, पण अडकली नाही. सासरेबुवांनी स्वतःच डबा उचलून पिशवीत टाकला.

नवा प्रोसेसर बसला त्या संध्याकाळी सुनेने फिल्म लावली आणि खुर्ची सोडली. सासरेबुवांनी मनात हिशेब केला होता: फिल्मला अख्खी संध्याकाळ लागते, म्हणजे अख्खी संध्याकाळ आपली. त्यांनी सगळ्यात लांबचा मार्ग धरला. निम्म्या वाटेवर मशीन टुणकन वाजलं. फिल्म तयार.

"उठा बाबा, अजून एक फिल्म जोडायचीय. गिऱ्हाईक थांबलंय."

"इतक्यात झाली?"

"हात दुप्पट आहेत ना. तुम्हीच निवडलात."

"गाडी भरलेली आहे. शेवटच्या थांब्याआधी ड्रायव्हर उतरत नसतो."

"किती थांबे उरलेत?"

"सहा."

"चार करा."

"मधल्या दोघांनी काय पाप केलंय?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सुनेने स्टूल ओढलं, सासऱ्यांच्या शेजारी बसली आणि रस्त्याकडे बघत फोनवर म्हणाली, "हो, थोडा वेळ लागेल. गाडी अजून वाटेत आहे."